हेरिंगवाल्या बायका, म्युझियमची कपाटं आणि माझं अडलेलं इन्स्टॉलेशन (मदत हवी आहे)

गाठोडं
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कापडात काम करते (शिवण नाही, इन्स्टॉलेशन, म्हणजे अख्ख्या जागेत मांडलेली कलाकृती) आणि सध्या स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर राहते. इथल्या एका छोट्या म्युझियमच्या हॉलमध्ये पुढच्या वर्षी एक काम मांडायचं ठरलंय. विषय मीच निवडला, हेरिंग गर्ल्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांपर्यंत हजारो स्कॉटिश बायका दर हंगामात हेरिंग माशाच्या मागे मागे किनाऱ्याने खाली सरकायच्या. उन्हाळ्यात शेटलंडमधलं लर्विक, मग विक, फ्रेझरबरा, पीटरहेड, आणि थंडी पडायला लागली की थेट इंग्लंडात यार्मथ आणि लोस्टॉफ्ट. मासे पुरुष पकडायचे आणि बंदरावर या बायका ते कापून, आतडी काढून, मीठ लावून पिंपात भरायच्या. तिघींचा गट असायचा, दोघी कापणाऱ्या आणि एक भरणारी. ती पिंपं जर्मनीला, रशियाला जायची. १९१३ साली यार्मथ-लोस्टॉफ्टला हजारावर बोटी लागल्या होत्या म्हणतात, म्हणजे बायका किती लागल्या असतील बघा.

आता मला ज्या गोष्टीने धरून ठेवलंय ती म्हणजे त्यांची बोटं. सुरी छोटी आणि भयंकर धारदार, मासा बुळबुळीत, आणि सगळीकडे खडेमीठ, म्हणजे एकदा कापलं की ते बरं व्हायचं नावच नाही. म्हणून कामाला लागायच्या आधी पहाटे पिठाच्या पोत्याच्या कापडाच्या पट्ट्या फाडून दहाही बोटांना बांधायच्या, वरून दोरा. त्या पट्ट्यांना 'क्लूट्स' म्हणायचे. आपल्या शब्दात चिंध्या.

माझं डोक्यात होतं की म्युझियममध्ये जाऊन खऱ्या चिंध्या बघाव्यात, कापड कुठलं, विण कशी, किती रुंद फाडायच्या, आणि त्यावरून हजारो चिंध्या करून छतापासून लोंबत्या सोडाव्यात, खाली मिठाचा ढीग. तर गेले तीन महिने मी वेगवेगळ्या संग्रहालयांचे ऑनलाइन कॅटलॉग उपसतेय, मेल टाकतेय. पिंपं आहेत, पिंपं बनवायची हत्यारं आहेत, बोटींची मॉडेलं तर इतकी आहेत की एक आरमार उभं राहील. सुऱ्या आहेत. ऑइलस्किनचे अ‍ॅप्रन थोडेफार आहेत. चिंध्या कुठेच नाहीत! एका ठिकाणच्या बाईंनी गोड शब्दात कळवलं की अशी वस्तू आमच्याकडे नोंदलेली नाही. आणि फोटो शेकड्याने आहेत पण खाली काय लिहिलेलं, तर 'फिशर गर्ल्स अ‍ॅट वर्क'. बोटीचं नाव दिलेलं असतं, मालकाचं असतं, या बायकांचं नसतं.

कुणी अर्काइव्हमध्ये काम केलंय का? मी चुकीच्या ठिकाणी शोधतेय की चुकीचं शोधतेय?

रानजाई
वाचतेय. विषय भारी आहे. चिंधी म्हटल्यावर आधी द्रौपदीच आठवली.

रिकामटेकडा७
म्हणजे कोळणीच ना शेवटी. मग इथल्या कोळीणींवर का नाही करत? परदेशी बायकांचं कौतुक जास्त!! (दिवे घ्या)

गाठोडं
@रिकामटेकडा, दिवे घेतले :) काम जिथे मांडायचंय तिथल्या लोकांच्या पणज्या-खापरपणज्या आहेत या, ते येऊन बघणार, म्हणून. आणि आपल्याकडची कोळीण स्वतःचा मासा स्वतः विकते, पैसे तिच्या कनवटीला. या बायका व्यापाऱ्याकडे मजुरीवर होत्या, ते प्रकरणच निराळं. त्यावर वेगळा धागा काढा की, मी येईन वाचायला.

कपाटाची_किल्ली
ताई, मी इकडेच एका संग्रहालयात कलेक्शनचं काम करते (कुठल्या ते विचारू नका). तुमचं दोन्ही चुकतंय, पण त्यात तुमचा दोष नाही.

आधी शोधायचं बघू. कॅटलॉग हा संग्रह नसतो हो, तो कुणीतरी कधीतरी घाईत भरलेला तक्ता असतो. ज्याने भरला त्याच्या डोक्यात जो शब्द आला तो तिथे बसला. तुम्ही 'हेरिंग गर्ल' घालून बघितलं असणार. आता 'फिशवर्कर', 'फिशर लासी', 'क्युअरिंग यार्ड', 'पॅकर' घालून बघा. 'गटर' पण घाला, म्हणजे आतडी काढणारी, फक्त त्यात छपराच्या पन्हळीचे आणि नाल्यांचे दोनशे फोटो येतील ते सहन करा. फारलिन किंवा फारलेन घाला, म्हणजे ती लांबलचक लाकडी डोणी जिच्यात मासे ओतायचे आणि जिच्या काठाला बायका उभ्या राहायच्या. स्पेलिंग दर गावाला वेगळं. सुरीला कुठे 'फटल' म्हणतील, कुठे 'कुटाग'. बऱ्याच बायका स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या लुइस बेटावरच्या, गेलिक बोलणाऱ्या, म्हणजे गेलिक शब्दानेही शोधा.

दुसरं, ऑनलाइन जे दिसतं त्यावर जाऊ नका. वस्तू दान आली तेव्हाचं पत्र, फोनवरच्या नोंदी, कुणाच्या आजीची होती वगैरे सगळं एका फायलीत असतं, तिला ऑब्जेक्ट हिस्टरी फाइल म्हणतात. ती कधीच ऑनलाइन नसते आणि मागितल्याशिवाय कुणी काढून देत नाही. मेलमध्ये 'माहिती द्या' असं मोघम लिहू नका. 'अमुक अ‍ॅक्सेशन नंबरची हिस्टरी फाइल बघायची आहे, तमुक आठवड्यात' असं लिहा (हा नंबर म्हणजे संग्रहालयाच्या नोंदवहीतला त्या वस्तूचा क्रमांक), बघा कसा फरक पडतो. महिनाभर आधी वेळ घ्या, छोट्या म्युझियममध्ये हे काम बघणारं एकच माणूस असतं आणि तेच तिकीट पण फाडतं.

आता चिंध्या. अहो चिंधी कोण ठेवणार? दिवस संपला की सोडून फेकायची, मासळीचा वास, रक्त, खवलं. जी बाई ती वापरायची तिला ती वस्तू वाटत नव्हती, आणि म्युझियमपर्यंत फक्त वस्तू येतात. सुरी आली कारण ती आजीच्या खणात राहिली. ट्रंक आली कारण नंतर तिच्यात गोधड्या ठेवल्या (त्या ट्रंकेला 'किस्ट' म्हणतात, तेही शोधा). कुठेतरी बांधलेल्या चिंध्यांचा जोड असलाच तर तो बहुतेक नंतर एखाद्या म्हातारीने प्रात्यक्षिक म्हणून बांधून दाखवलेला असेल. तोही खोटा नाही, पण तो काय आहे हे लिहायला हवं.

जाताना पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. आणि एक टेप.

निळीशाई
मी वंशावळी जुळवणारा प्राणी आहे, नवऱ्याकडचं घराणं स्कॉटलंडच्या ईशान्येला मोरे फर्थच्या किनाऱ्यावरचं, त्यामुळे या गावांच्या नोंदींत माझी पाच-सहा वर्षं गेलीत. नावांच्या बाबतीत काही हाताशी आलेलं सांगते.

फोटोत बोट दिसतेय का बघा. बोटीच्या कडेवर अक्षरं आणि आकडा असतो, १८६८ च्या मासेमारी कायद्यानंतर ही नोंदणी पक्की झाली. बीएफ म्हणजे बॅन्फ, पीडी पीटरहेड, एफआर फ्रेझरबरा, एलके लर्विक, वायएच यार्मथ, एलटी लोस्टॉफ्ट. हा नंबर मिळाला की बंदराच्या रजिस्टरमध्ये किंवा ओल्सनच्या नॉटिकल अल्मनॅकमध्ये (मच्छिमारांसाठीचं वार्षिक पुस्तक) बोट सापडते, आणि बोट किती ते किती साल चालली यावरून फोटोचं साल आवळता येतं. बायकांच्या मागे पिंपं असतील तर झाकणावर व्यापाऱ्याचं नाव जाळून उमटवलेलं असतं, भिंगाने बघा. व्यापारी कळला की तो कुठल्या गावातून बायका आणायचा ते कधी कधी कळतं. म्हणजे बाईपर्यंत जायला आधी बोट, मग पिंप, मग शेठ. चिडचिड होते, पण रस्ता तोच आहे.

आता जनगणना. ही इथे दर दहा वर्षांनी, आणि बहुतेक वेळा मार्च-एप्रिलमध्ये झालेली. म्हणजे बायका घरी! १८८१ ची ३ एप्रिलला झाली, त्यात त्या आईबापांच्या घरी सापडतात आणि धंद्याच्या रकान्यात बरेचदा नुसती रेघ असते. सबंध हंगाम निसटतो. पण १९२१ ची जनगणना संपामुळे लांबली आणि १९ जूनला झाली!!! १९ जून म्हणजे शेटलंडला हंगाम ऐन भरात. म्हणजे त्या वर्षी सरकारी माणसाने त्यांना त्यांच्या कामाच्या जागी, लाकडी हटमध्ये, एकमेकींच्या शेजारी नोंदवलं. स्कॉटलंडची १९२१ ची पानं २०२२ च्या शेवटी खुली झाली. तुम्हाला तिघींचा खरा गट नावासकट शोधायचा असेल तर तिथे जा, लर्विक नाहीतर लुइस बेटावरचं स्टॉर्नोवे. (१९३१ ची वाट बघत असाल तर इंग्लंडची १९४२ मध्ये जळाली. स्कॉटलंडची शाबूत आहे पण अजून बंद.)

अजून एक गंमत सांगते आणि थांबते. या गावांमध्ये आडनावं मूठभर. बकीसारख्या गावात निम्मं गाव काउई, स्मिथ नाहीतर स्लेटर, त्यात नावंही तीच, जेम्स आणि मार्गारेट. मग ओळखायचं कसं, तर टोपणनाव. त्याला 'टी-नेम' म्हणतात आणि ते इतकं पक्कं की सरकारी कागदातसुद्धा आडनावाच्या मागे लावलेलं असतं. ते बाईलाही लागतं, नवऱ्याचं वेगळं आणि माहेरचं वेगळं. आपल्याकडे एका गावात चाळीस पाटील असले की 'विहिरीवरचे', 'तिठ्यावरचे' म्हणतात ना, अगदी तसंच. कॅटलॉगवाल्यांनी ते टोपणनाव कंसातला कचरा समजून गाळलं की त्या बाईचा माग गेलाच म्हणून समजा. मूळ कागद बघायचा आग्रह धरा तो याच्यासाठी.

रानजाई
१९ जूनचं वाचून अंगावर काटा आला. संप झाला म्हणून बायका कागदावर आल्या!

विणकामवेडी
बोटीवरच्या माणसांचे निळे स्वेटर पण या बायकाच विणायच्या ना? 'गॅन्सी'. पाच सुयांवर, गोल, शिवण कुठेच नाही, आणि इतकं घट्ट की वारा आत येत नाही. फोटोत बघितलंत तर कामाच्या मधल्या सुट्टीत, रस्त्याने चालताना, सगळ्या विणतायत. कमरेला पट्टा, त्यात सुई खोचलेली, बोटं चालू आणि तोंडं पण चालू.

मी मुद्दाम आले ते एक सांगायला. कुणीतरी तुम्हाला हमखास ती गोष्ट सांगेल, की प्रत्येक गावाची विण वेगळी होती कारण माणूस बुडून वाहत आला तर विणीवरून गाव ओळखून प्रेत घरी पाठवता यावं. ऐकायला इतकी सुंदर आहे की प्रत्येक गिफ्ट शॉपमध्ये छापलेली असते. कृपा करून ती इन्स्टॉलेशनमध्ये घालू नका! विणी गावोगाव फिरायच्या, आणि त्या तुमच्याच बायकांबरोबर फिरायच्या. लुइसची मुलगी यार्मथला शेजारणीची वेल बघायची आणि पुढच्या वर्षी नवऱ्याच्या छातीवर ती वेल. विणीवरून प्रेत ओळखायच्या गोष्टीला हवा मिळाली ती १९०४ च्या सुमाराच्या एका आयरिश नाटकामुळे असं बरेच जण मानतात, आणि त्यात तर मोजा होता, स्वेटर नव्हताच. ओळखायची खरी सोय कुणी केलीच तर ती खालच्या काठाजवळ नावाची आद्याक्षरं विणून. ते खरंच सापडतं.

मला तर ती खरी गोष्टच जास्त आवडते, म्हणजे वेगवेगळ्या गावच्या बायका दोन महिने एका खोलीत राहिल्या आणि विणी मिसळल्या.

खडूस_काका
चांगली चर्चा चालू आहे, त्यात मिठाचा खडा टाकतो (विषयाला धरूनच आहे).

गाठोडंताई, तुमच्या लोंबत्या हजार चिंध्या आणि खाली मिठाचा ढीग, हे ऐकताक्षणी माझ्या डोळ्यासमोर आलं की लोक आत येणार, मान तिरकी करणार, 'अरेरे बिचाऱ्या' म्हणणार, फोटो काढणार आणि बाहेर जाणार. या बायका बिचाऱ्या होत्या का? हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी व्यापारी त्यांच्या दारात विसार घेऊन यायचा, त्याला तिकडे 'आर्ल्स' म्हणतात. म्हणजे गरज त्याला होती. एकदा विसार घेतला की ती बांधील, हे खरं, पण कुणाचा घ्यायचा आणि बरोबर कोण दोघी हे ती ठरवायची. मजुरी पिंपामागे, तिघींत वाटून. १९३६ साली यार्मथला ऐन हंगामात संप केला यांनी. सोळा-सतरा वर्षांची मुलगी घरापासून पाचशे मैलांवर, खिशात स्वतःचे पैसे, संध्याकाळी नटून रस्त्यावर हातात हात घालून. कष्ट होते, हाल होते, ते नाकारत नाही. पण नातवंडांशी बोलून बघा, बऱ्याचशा म्हाताऱ्या ते दिवस आयुष्यातले सगळ्यात छान दिवस होते असं सांगायच्या.

एडिंबरोच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१ पासून गावोगाव फिरून आवाज ध्वनिमुद्रित केलेत, त्यातले पुष्कळ 'टोबार अन डुआलखाइस' या साइटवर फुकट ऐकता येतात. आधी ते ऐका. मग ठरवा काय लोंबतं ठेवायचं.

गाठोडं
सगळ्यांना खूप धन्स, इतकं येईल वाटलं नव्हतं. एकेकाला उत्तर देते.

@खडूस_काका, लागलं. पण खरं आहे. रात्री दोन वाजेपर्यंत ते आवाज ऐकत बसले. गेलिक मला कळत नाही, स्कॉट्सही निम्मंच कळतं, पण हसणं कळतं आणि ते सारखं येतं. एक बाई बोलता बोलता गायलाच लागते.

@विणकामवेडी, गॅन्सीची गोष्ट मी आधीच प्रस्तावात लिहून बसले होते. काढली. :(

आता एक सांगते. परवा मी ठरवलं की कॅटलॉग पुरे, आपण करून बघू. जाड सुती कापड आणलं, धुऊन मऊ केलं, पट्ट्या फाडल्या, साधारण दोन बोटं रुंद (कात्रीने नाही, फाडल्यावर कडेला दशा सुटतात त्या दोऱ्यात छान अडकतात, हे आपोआप कळलं). स्वैपाकघराच्या टेबलावर बसले आणि डावा हात बांधायला घेतला. अंगठा, तर्जनी, मधलं. ठीक झालं. दोरा दातात धरून गाठ मारली. पाच बोटांना अकरा मिनिटं लागली. मग उजवा. आणि तिथे अडलं. डाव्या हाताची बोटं आता कापडाची झालेली, त्यांनी दोऱ्याचं टोक उचलताच येईना. दातांनी ओढलं तर पट्टी सरकली. चार बोटांना पाऊण तास, आणि शेवटी करंगळी राहिलीच.

तेव्हा मुलगी शाळेतून आली, तिने बघितलं, दप्तर न उतरवता समोर बसली आणि माझी करंगळी बांधून दिली. अर्धा मिनिट.

मला एकदम कळलं की हे एकटीने करायचं कामच नाही. करता येत असेल, सराव झालेल्या बायका दातांनी करतही असतील, पण पहाटे पाचला, गार खोलीत, तीन जणी एका खाटेवर बसलेल्या असताना कोण कशाला एकटीने करेल. तिघींचा गट पिंपापाशी सुरू होत नाही, तो या चिंध्यांपाशी सुरू होतो. आणि हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळणार नव्हतं.

म्हणून आता लोंबत्या चिंध्या रद्द. कल्पना अशी आहे की हॉलच्या दाराशी एक लांब बाक, पट्ट्या आणि दोरा ठेवलेला. आत जायचं तर बोटं बांधून, आणि ती शेजारच्याने बांधायची. एकटा आलेला माणूस असेल त्याने दुसऱ्या कुणाची तरी वाट बघायची. आत काय ते अजून ठरत नाहीये, बहुतेक ते आवाज. आणि मिठाचा ढीग मात्र मला हवाच आहे, त्याच्यात बांधलेला हात घालायचा.

रिकामटेकडा७
आता माझा विनोद मागे घेतो. हे भारी आहे.

कपाटाची_किल्ली
बाक झकास. मीठ विसरा.

म्हणजे तुमच्या घराच्या अंगणात हवं तितकं ठेवा, म्युझियमच्या हॉलमध्ये नाही. कारण सांगते. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की ते स्वतःच विरघळायला लागतं, आणि समुद्रकाठच्या जुन्या इमारतीत पंच्याहत्तर म्हणजे रोजचीच गोष्ट. लोक हात घालणार, तेच हात घेऊन पुढच्या खोलीत जाणार जिथे लोखंडाच्या सुऱ्या, कड्या, नांगर ठेवलेत. त्या सुऱ्या आयुष्यभर मिठात राहून वाचल्या, आता तुमच्या कलेने गंजतील. जुन्या वस्तू जपणारा कुठलाही कन्झर्व्हेटर हे ऐकून खुर्चीतून उठेल. सीलबंद काचेत ठेवायला कदाचित हो म्हणतील, हात घालायला नाही.

खरी सुरी प्रदर्शनात हवी असेल तर लोन अ‍ॅग्रीमेंट, इन्शुरन्स, बंद पेटी, सगळं आलं. अ‍ॅप्रन किंवा कुठलंही कापड हवं असेल तर उजेड ५० लक्सच्या वर जाऊ देणार नाहीत, म्हणजे तुमचा हॉल अंधारा. त्यापेक्षा 'हँडलिंग कलेक्शन' आहे का विचारा. शाळेच्या मुलांना हातात द्यायला एकाच प्रकारच्या जास्तीच्या वस्तू बाजूला ठेवलेल्या असतात, ज्यांचा इतिहास माहीत नाही अशा. त्यातली सुरी तुम्हाला हातात घेऊन बघू देतील.

कलम_कसाई
पेशाने वकील, उगाच नाक खुपसतो. यूकेत काम मांडताय म्हणून तिथलं सांगतो.

जुने फोटो: फोटोग्राफर माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. त्यामुळे व्हिटबीचा सटक्लिफ (मृत्यू १९४१) किंवा एडिंबरोजवळच्या न्यूहेवनचे फोटो काढणारे हिल आणि अ‍ॅडमसन यांचा प्रश्न नाही, कॉपीराइट कधीच संपला. पण संपला म्हणजे म्युझियम मोठी फाइल फुकट देईल असं नाही, ते फाइलचे आणि वापराचे पैसे करारात घेतात. फोटोग्राफर कोण ते शोधूनही सापडत नसेल तर तिकडच्या इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी ऑफिसकडे २०१४ पासून 'ऑर्फन वर्क्स' परवान्याची सोय आहे, मात्र आधी नीट शोध घेतल्याचं दाखवावं लागतं.

पत्रं आणि पोस्टकार्डाची मागची बाजू यात सापळा आहे. कधीच न छापलेला जुना मजकूर, लिहिणारी १९६९ च्या आधी वारली असली तरी, तिकडे २०३९ संपेपर्यंत कॉपीराइटमध्ये राहतो. म्हणजे १९०५ सालच्या मुलीने आईला लिहिलेलं पत्र तुम्ही भिंतीवर मोठं करून लावलंत तर कायद्याने परवानगी तिच्या वारसांची. वाचायला, त्यावरून काम करायला काही अडचण नाही.

निळीशाई
@कलम_कसाई हे मला माहीतच नव्हतं, बापरे. माझ्या ब्लॉगवर दोन पत्रं आहेत, आजच काढते.

हिल-अ‍ॅडमसनचं नाव निघालं म्हणून. ते १८४३ ते ४७ या काळातले न्यूहेवनचे फोटो आधी बघाच, नॅशनल गॅलरीज ऑफ स्कॉटलंडकडे आहेत. हेरिंग गर्ल्सच्या आधीच्या पिढीच्या मासेवाल्या. एक्स्पोजर इतकं लांब की हलणारी बोट टिपताच यायची नाही, म्हणून सगळं समुद्राचं आयुष्य वाळूवर उभं राहून टेकलेलं. आणि तिथे काही बायकांची नावं राहिलीत. एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल, टोपली घेऊन खाली बघणारी, ती त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. म्हणजे नाव लिहून ठेवणं १८४० च्या दशकातही जमत होतं, पुढच्यांनी कंटाळा केला.

खडूस_काका
कंटाळा नाही हो. त्या दोघांनी माणसांचे फोटो काढले, पुढच्यांनी पोस्टकार्डं विकली. पोस्टकार्डावर नाव लिहिलं तर कोण विकत घेईल, 'स्कॉच फिशर गर्ल्स' लिहिलं की सुट्टीला आलेला कुणीही घेतो.

विणकामवेडी
+१

गाठोडं
अपडेट द्यायला आले. मधे दीड महिना गेला, सॉरी.

मीठ गेलं. भांडून बघितलं, काचेत पण नको म्हणाले. पहिल्यांदा राग आला, मग लक्षात आलं की मिठाचा ढीग मला तो छान दिसतो म्हणूनच हवा होता.

१९२१ च्या पानांवर बसले. @निळीशाई तुमचे पाय धरायला हवेत. लर्विकच्या पानांवर एकाखाली एक, वय, जन्मगाव, आणि धंद्याच्या रकान्यात मासे कापणारी असं स्पष्ट. एका हटमध्ये सहा जणी, म्हणजे दोन गट. जन्मगावं बघितली तर चार एकाच गावच्या आणि दोन भलतीकडच्या. नावं इथे देत नाही, त्यांच्यातल्या एकीची नात त्याच भागात राहते असं कळलंय आणि तिला आधी भेटायचंय. तिला विचारल्याशिवाय काही लावणार नाही.

आणि सुरी बघितली. हँडलिंग कलेक्शनमधली, किल्लीताई तुम्ही सांगितलं तशीच मेल केली आणि दोन दिवसांत उत्तर आलं (आधीच्या मेलला पाच आठवडे!). राखाडी फोमच्या ट्रेमध्ये ठेवलेली, माझ्या तळहाताहून थोडी मोठी. पातं आखूड, बोटभर, धार लावून लावून मधे खोलगट झालेलं. लाकडी मुठीला दोरा गुंडाळलेला, घसरू नये म्हणून असणार. मी विचारलं, बोटं बांधून धरू का? त्या बाईंनी क्षणभर विचार केला, मग म्हणाल्या थांबा, आणि ग्लोव्ह्ज काढून स्वतःच माझी बोटं बांधायला बसल्या. बांधता बांधता सांगत होत्या की कोवळ्या मुली मिनिटाला पंचवीस-तीस मासे सहज करायच्या आणि मुरलेल्या साठाच्या घरात जायच्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. वर बोटाला जाणवेल त्या आकाराप्रमाणे न बघता मागच्या टबात टाकायचे, लहान इकडे, मोठे तिकडे. म्हणजे बांधलेल्या बोटांनाही आकार कळत होता. मी म्हटलं मला तर दोऱ्याचं टोक कळत नाही.

तर सुरी धरली आणि पहिली गोष्ट अशी झाली की टोचलं. माझी गाठ. मी घरी गाठी बोटाच्या आतल्या बाजूला मारत होते कारण तिथे दिसतात, मारायला सोपं. बाईंनीही तशाच मारल्या. मूठ आवळली की प्रत्येक गाठ मुठीवर दाबली जाते, दोन मिनिटांत नकोसं झालं. फोटोंमध्ये गाठ कुठे आहे ते मी परत जाऊन मोठं करून बघतेय, विकच्या जॉन्स्टन कलेक्शनमध्ये काचेच्या निगेटिव्ह आहेत, पन्नासेक हजार वाचल्यात म्हणे, त्यात बारीक तपशील चांगला दिसतो. पण जिथे बघावं तिथे हात एकतर चालू असल्याने पुसट, नाहीतर फोटोसाठी मांडीवर उपडे.

@विणकामवेडी तुम्हाला काय वाटतं?

विणकामवेडी
उपडे असतील तर उत्तम की! गाठ नखाकडे असेल तर उपड्या हातावर दिसायला हवी. दिसते का?

गाठोडं
एका फोटोत दिसते. उजव्या हाताची तर्जनी, नखाच्या खाली, एवढीशी, आणि दोऱ्याची दोन टोकं वर आलेली.

आणि ती डावीकडे वळलेली आहे. म्हणजे समोर बसलेल्या कुणीतरी मारलेली.